गिरणीत हयात काढलेल्या मामांना सोलापुरात दोन दिवसांत काय दाखवू?

ठाणेकर_जावई

मंडळी, सोलापूर माझं सासर. पण जावई म्हणून गेलं की आपण दोनच गोष्टी नीट बघतो, ताट आणि पंखा. या वेळी जबाबदारी वेगळी आहे. डिसेंबरात माझे मामा सोबत येणार आहेत. उभी हयात लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर गेली, 1982 च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. त्यांचं एकच म्हणणं, "सोलापूरच्या गिरण्या नुसत्या ऐकून आहे, एकदा बघू." बरोबर दोन मुलं, एक सहावीत, एक नववीत.

सिद्धेश्वर आणि अक्कलकोट घरच्यांनी आधीच ठरवून टाकलंय, त्याची चिंता नाही. मला हवंय ते असं: एखादं संग्रहालय, जुना वाडा किंवा हवेली, किल्ला आणि कापडाचं काहीतरी. गाडी आहे. मामांचे गुडघे दुखतात, तेवढं लक्षात घेऊन सांगा.

बाळीवेसकर

मामांना आधीच सांगून ठेवा, चालू असलेली जुनी गिरणी बघायला मिळणार नाही. मुरारजी पेठ म्हणतो ना आपण, ते नाव मोरारजी गोकुळदासांचं. त्यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी 1877 साली सुरू झाली. गाव तिला जुनी मिल म्हणतं. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल अशा उभ्या राहिल्या. आज त्यांची नावं चौकांना, बसथांब्यांना आणि प्लॉटच्या जाहिरातींना उरलीत. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा नव्वदच्या दशकात बंद पडला. आमच्या आळीत तोवर घड्याळ ही चैनीची वस्तू होती.

गिरणीचं म्हणून वेगळं म्युझियम मी तरी पाहिलेलं नाही. पण गिरणीच्या पैशातून काय उभं राहिलं ते बघायचं असेल तर इंद्रभुवन. महापालिकेचं मुख्य कार्यालय. रस्त्यावरून सगळे बघतात, थांबत कुणी नाही.

मृण्मयी_के

इंद्रभुवनला +1. शहरातल्या एकाच इमारतीसाठी वेळ असेल तर मी हीच सांगेन, किल्लासुद्धा नंतर.

ही वास्तू अप्पासाहेब वारद यांची. लिंगायत व्यापारी घराणं, लक्ष्मी-विष्णू गिरण्यांशी जोडलेलं नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ही हवेली उभी केली. मी वास्तुरचना शिकत असताना आम्हाला तिथे रेखाटनं करायला नेलं होतं. मजा अशी की तिला कुठल्या एका शैलीत बसवता येत नाही. कमानी युरोपीय वळणाच्या, त्यांच्यात आपल्याकडचे देव, वेलबुट्टी, चुन्यातलं भरगच्च काम. मालकाला जे जे आवडलं ते ते त्याने लावून घेतलं. आमचे सर नाक मुरडायचे. मला मात्र ती हौसच आवडते. मुंबईच्या गिरणीमालकांचे बंगले बाग आणि कुंपणाच्या आड असायचे, इथल्या मालकाने सगळा थाट रस्त्याकडे तोंड करून मांडलाय.

मध्यंतरी जीर्णोद्धार झालाय, त्यामुळे रूप खुललंय. कार्यालय आहे हे लक्षात ठेवून कामाच्या दिवशी जा, आवारात गेल्यावर फोटोसाठी आधी विचारा. दर्शनी बाजूला सकाळचं ऊन कसं पडतं ते बघून वेळ ठरवा. पायऱ्या चढल्या नाहीत तरी चालतं, खरी गंमत बाहेरूनच आहे.

वकीलसाहेब_निवृत्त

जुन्या मिलचा विषय निघालाच आहे म्हणून. मामांना हे सांगा, त्यांना आवडेल. 1949 मध्ये ही गिरणी बंद पडली, हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार आपल्या हाती घेतला, म्हणजे संविधान लागू व्हायला काही दिवस उरले असताना. मग चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक सुप्रीम कोर्टात गेले: माझ्या मालमत्तेचा आणि समानतेचा हक्क मारला जातोय. त्याच वर्षी निकाल सरकारच्या बाजूने लागला. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांचा खटला झाला, त्यात मात्र 1950 च्या दशकातच कोर्टाने भागधारकाची बाजू उचलून धरली.

कायद्याच्या पहिल्या वर्गापासून मुलं 'शोलापूर मिल केस' घोकतात. देशभर घोकतात. आणि ज्या जागेवरून हे घडलं तिथे साधी पाटी नाही. मी तिथून जाताना दर वेळी चिडतो, आज इथे चिडून घेतलं.

धोटा

जावईबापू, मामांना दगडमाती कसली दाखवताय, माग दाखवा की! गिरण्या गेल्या तरी कापड कुठे गेलंय? पूर्वभागात चला. अशोक चौक, साखर पेठ, कन्ना चौक, त्या बाजूला कुठल्याही गल्लीत कान द्या. खटखट आली की समजा यंत्रमाग आहे. आमचं घर पद्मशाली, पणजोबा तेलंगणातून हातमाग घेऊन आले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड.

काय बघायचं ते सांगतो. चादरीचा जेकार्ड माग. मागाच्या डोक्यावर एक पेटी असते, तिच्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक ओळ. भोक असलं तर ती सुई आत जाते आणि तिच्या दोरीला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, भोक नसलं तर खालीच राहतो. आडवा धागा नेणारा धोटा मधून निघून जातो. पुढचा पुठ्ठा, पुढची ओळ. मोर, कमळ, ताजमहाल, सगळं त्या भोकांत लिहिलेलं असतं. तुमच्या नववीवाल्याला सांगा, कॉम्प्युटर यायच्या किती तरी आधी हा प्रोग्राम चालू होता.

आणि चादर विकत घेताना उलटी करून बघा. वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर खाली पांढऱ्यावर लाल निघालं पाहिजे. नुसता छापील रंग असेल तर तो सोलापुरी माल नाही, बाकीच्यांना विकू दे. चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी स्टेशनबाहेर काहीही विकतात.

ठाणेकर_जावई

धोटा, हे भारी आहे. पण कुणाच्याही शेडमध्ये असं उठून कसं जायचं? लोक काम करत असतात.

धोटा

दारात उभं राहून विचारायचं, "बघू का जरा?" कुणी नाही म्हणत नाही, पण शिफ्ट बदलताना जाऊ नका. लांब ओढणी, सैल बाह्या, मुलांचे हात, तिन्ही आवरा. पट्टे उघडे असतात. आत आवाज एवढा असतो की बोलणं खुणेने करावं लागतं. मामांना ते शिकवायची गरज नाही.

टॉवेलचा माग पण दाखवा. त्याला ताण्याचे दोन बीम असतात, एक ताणून धरलेला, एक सैल सोडलेला. फणी ठोकली की सैल धाग्याची वेटोळी वर येतात. तो मऊपणा तिथून येतो. पोरांना टॉवेल रोज दिसतो, तो असा होतो हे माहीत नसतं.

अर्धी_भाकरी

जेवणाचं कुणीच बोलत नाही म्हणजे काय? कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, आठवडाभर टिकते. शेंगाचटणी कांडलेली घ्या, मिक्सरची नको, दाण्याचं तेल सुटलेलं दिसलं पाहिजे. डिसेंबर आहे म्हणजे हुरडा. महिन्याच्या अखेरीस आलात तर कोवळा मिळेल.

चार_पुतळे

किल्ल्याकडे वळायच्या आधी चार हुतात्मा चौक. मामा गिरणीकामगार म्हणताय, मग हे टाळून चालणारच नाही.

6 एप्रिल 1930 ला सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला. पुढच्या महिन्यात गांधीजींना अटक झाली, गाव पेटलं, त्यात गिरणीकामगार पुढे होते. गोळीबार झाला. पोलीस आणि अधिकारी गाव सोडून गेले आणि 9, 10, 11 मे असे तीन दिवस सोलापूरवर इंग्रजांची सत्ता नव्हती. कारभार लोकांनी चालवला. 12 मेपासून मार्शल लॉ. गांधी टोपी घातली म्हणून माणसं तुरुंगात गेली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. चार नावं सलग वाचा, सगळं सोलापूर त्यात येतं.

शाळेत हा धडा एका परिच्छेदात उरकतात. मुलांना पुतळ्यांसमोर उभं करून नीट सांगा. दहा मिनिटं पुरतात.

भीमाकाठ

भुईकोट किल्ला सिद्धेश्वर तलावाला लागूनच आहे, त्यामुळे दर्शन आणि किल्ला एकाच फेरीत. चढ नाही, मामांना जमेल. बहमनी काळातलं बांधकाम, दुहेरी तट, खंदक. आत बत्तीस खांबी आहे, शिवाय उत्खननात निघालेले मंदिराचे अवशेष. तटाच्या भिंतीत नजर टाकत चला, मंदिराचे कोरीव दगड उलटेसुलटे बसवलेले दिसतात. सहावीवाल्याला हे शोधायला लावा, तासभर शांत बसेल.

हा किल्ला हुंड्याच्या भांडणांत फार फिरला. अहमदनगर आणि विजापूर दोघांनाही तो हवा होता. आदिलशहाच्या बहिणीचं लग्न निजामशहाशी झालं तेव्हा सोलापूर द्यायचं ठरलं आणि दिलं नाही, त्यावरून पिढीभर लढाया झाल्या. मग विजयनगरविरुद्ध एकत्र यायची वेळ आली तेव्हा चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि सोबत हा किल्ला. पुढे औरंगजेबाच्या छावण्या, पेशवे, आणि 1818 मध्ये इंग्रज.

तिकीट पुरातत्त्व खात्याचं आहे. आत पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका. संध्याकाळी उजेड असेपर्यंतच.

मृण्मयी_के

किल्ल्यावरून आठवलं, शुभराय महाराजांचा मठ. शुभराय मूळचे कन्नड मुलुखातले, टिपूच्या चाकरीत होते असं सांगतात, सगळं सोडून सोलापुरात आले. पदं मराठीत लिहिली आणि चित्रं काढली. संत खूप, चित्रकार संत किती? मठात विचारून, चप्पल काढून, आवाज न करता बघायची जागा आहे. मुलं कंटाळतील, तुम्ही आणि मामा जा.

सिव्हिल_लाइन

संग्रहालय म्हणालात तर डॉ. कोटणीस स्मारक, भैया चौकात, स्टेशनपासून जवळ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले. 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, जपानशी लढाई चालू होती तेव्हा. बाकीचे परतले, हे राहिले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला आणि 9 डिसेंबर 1942 ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. चीनमध्ये आजही शाळेतल्या मुलाला हे नाव माहीत असतं. चिनी पाहुणे सोलापुरात मुद्दाम येतात ते या घरासाठी, आणि रिक्षावाल्याला 'कोटणीस' म्हटलं की तो विचारतो, कोण, वकील का?

छोटं आहे, फोटो आणि कागद जास्त, पण घर त्यांचं आहे. नववीवाल्याला नक्की.

मुलांसाठी अजून एक, पुणे रोडला केगावकडे सायन्स सेंटर. आमची पोरं तिथून निघायला तयार नसतात. अर्धा दिवस जातो, तेवढं धरून चला.

बाळीवेसकर

सायन्स सेंटर ठाण्यामुंबईत पण असतं हो. दोन दिवसांतला अर्धा दिवस तिथे घालवायचा?

सिव्हिल_लाइन

दोन पोरं घेऊन दिवसभर वाडे आणि मठ फिरून दाखवा, मग बोलू.

कुंपणाबाहेर

एक जागा कुणीच सांगितली नाही, आणि कुठल्याही सहलीच्या यादीत ती नसते. सेटलमेंट.

गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींना पकडून सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं. रोज हजेरी, बाहेर जायला परवाना, आणि दिवसभर गिरणीत काम. गिरण्यांना माणूसबळ हवं होतं, सरकारला पहारा हवा होता, दोघांचं जमलं. कायदा गेला तो 1952 मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. वसाहतींची नावं आजही सेटलमेंटच आहेत, माझे आजोबा तिथेच वाढले.

मामांना सांगा, सोलापूरच्या गिरण्यांमधला एक साचेवाला असाही होता. गाडी थांबवून फोटो काढू नका, लोक राहतात तिथे. नुसतं त्या रस्त्याने जा आणि मुलांना गाडीत सांगा.

ठाणेकर_जावई

कुंपणाबाहेर, हे मला बायकोच्या माहेरीही कुणी सांगितलं नव्हतं. रस्ता विचारून जाईन.

नान्नजचा_माळ

दुसऱ्या दिवसासाठी शहराबाहेर पडा. पर्याय तीन, तिन्ही तीन दिशांना, त्यामुळे एकच निवडा.

नान्नज: 1979 पासून माळढोक अभयारण्य. खरं सांगतो, माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, आता तो जवळजवळ उरलेला नाही. काळवीट मात्र दिसतात, गवताळ माळ दिसतो, हिवाळ्यात शिकारी पक्षी येतात. द्राक्षांचा नाद असेल तर सोनाका वाण याच गावचा, नानासाहेब काळ्यांच्या बागेतला.

हत्तरसंग कुडल: भीमा आणि सीना यांचा संगम, त्यावर चालुक्यकालीन मंदिरं. एकाच शिवलिंगावर 359 मुखं कोरलेली आहेत, साडेचार टनांचं आहे म्हणतात. पण मी नेतो लोकांना ते तुळईवरच्या ओळीसाठी. शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख. तो उजेडात आणला सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. विद्यापीठाची पदवी नाही, सायकल आणि एसटीने जिल्हाभर फिरून शिलालेखांचे ठसे घेतले. आत मान वर करून बघावं लागतं, टॉर्च ठेवा.

नळदुर्ग: हैदराबाद रस्त्याला पन्नासेक किलोमीटर, जिल्हा धाराशिव. बोरी नदी किल्ल्यात वळवून बंधारा घातलाय आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल. इब्राहिम आदिलशहाच्या काळात 1613 साली बांधलेला पाणीमहाल. पाणी भरलं की महालाच्या डोक्यावरून दोन धारा कोसळतात, नर आणि मादी. आत खिडकीत बसून बाहेर पाण्याचा पडदा. डिसेंबरात धार असेलच असं नाही, तरी बांधकाम बघायला जावंच. मात्र आवार मोठं आहे, उपळी बुरुजाला पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा विचार करा.

अर्धी_भाकरी

अक्कलकोटला जाणारच आहात तर राजवाड्यातलं शस्त्रागार विचारा. स्वामींचं दर्शन झालं की लोक अन्नछत्रात जेवून परत फिरतात. भोसले संस्थानाचा शस्त्रसंग्रह आहे तिथे, तलवारी, बंदुका, सहावीवाला खूश. उघडं आहे का ते आधी गावातच विचारा.

जानेवारीवाला

डिसेंबर कशाला, एक महिना थांबा आणि गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला या! सात नंदीध्वज, पांढरी बाराबंदी घातलेले हजारो लोक, पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, शोभेचं दारूकाम. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, त्या अक्षता बाराव्या शतकापासून दर वर्षी पडतात. यापेक्षा मोठं म्युझियम कुठलं?

बाळीवेसकर

मामांचे गुडघे आणि गड्ड्याची गर्दी. विचार करून सांगत जा रे.

ठाणेकर_जावई

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार. पुढच्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितो.

पहिला दिवस: सकाळी इंद्रभुवन, मग चार हुतात्मा चौक, दुपारी कोटणीस स्मारक, उतरत्या उन्हात किल्ला. सहावीवाल्याला तटात उलटा बसवलेला हत्ती सापडला आणि त्याने तो भेटेल त्याला दाखवला. सायन्स सेंटर राहिलं, त्याबद्दल सिव्हिल_लाइन यांच्या भविष्यवाणीप्रमाणे घरात दोन दिवस ऐकून घेतलं.

दुसरा दिवस सगळा पूर्वभाग आणि कुडल. धोटा, तुम्ही सांगितल्यासारखं दारात उभं राहून विचारलं. मालक म्हणाले या. मामा आत गेले आणि पाच मिनिटांत त्यांनी एका मागाकडे बोट दाखवून मालकाला खुणेने सांगितलं की त्याचा धोटा नीट पोचत नाहीये. मालकाने मशीन थांबवलं, दोघं वाकून बघत बसले. मी, बायको, मुलं बाहेर, चहा दोनदा झाला. इंद्रभुवनबद्दल त्यांचं मत विचारलं तर म्हणाले, "चांगलंय. पगार वाढवला असता तर कमानी दोन कमी झाल्या असत्या."

एक शंका. चादरी चार घेतल्या, दोन्ही बाजू तपासून घेतल्या. पहिल्या धुण्यात रंग जातो का?

धोटा

गडद लाल आणि निळा पहिल्या वेळी थोडा सोडतो. वेगळी भिजवा, गार पाणी, मूठभर मीठ. पिळू नका, तशीच दोरीवर टाका, पाण्याच्या वजनाने सरळ होते. मशीनमध्ये पहिले दोन वेळा नको. आणि मामांना म्हणावं, त्या मालकाचा नंबर घेतलाय का, आमच्या शेडमधला एक माग पण त्रास देतोय.